मानपूरजवळच्या शेतावर नातवंडांसोबत सुट्ट्या, आमचा अनुभव

ज्यांची नातवंडं उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत पुण्याहून नाहीतर बंगलोरहून इंदूरला येतात आणि राजवाडा, सराफा, छप्पन दुकान करून झालं की मोबाइलमधे डोकं घालून बसतात त्यांनी हे जरूर वाचा. मानपूरच्या थोडं अलीकडे, एबी रोड (आग्रा-मुंबई महामार्ग) सोडून आत, एका शेतकरी कुटुंबानं आपल्याच शेतात तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. आम्ही या मे महिन्यात दोन्ही मुलींची मिळून चारही नातवंडं घेऊन तिथे राहून आलो आणि मला ही जागा मनापासून आवडली. इंदूरहून गाडीनं साधारण तासभर लागतो.

पहिलेच सांगते, रिसॉर्ट समजून जाऊ नका. स्विमिंग पूल, रेन डान्स काही नाही. चालतं शेत आहे, घरचे लोक आपापल्या कामाला लागलेले असतात आणि मुलांना वाटलं तर त्यांच्यामागे जायचं, कोणी शिट्टी वाजवून अॅक्टिव्हिटीला बोलवत नाही. मला हेच सगळ्यात जास्त आवडलं कारण मुलांना लगेच कळतं की कोणतं काम खरं आहे आणि कोणतं त्यांचं मन रमवायला काढलं आहे.

सकाळी उजाडायच्या आत धारा काढतात. धाकटा सात वर्षांचा नातू, ज्याला घरी आठला हलवून उठवावं लागतं, तो तिथे आपणहून उठून गोठ्यात. म्हशीखाली आधी पारडू सोडतात, ते ढुशा देत प्यायला लागलं की म्हैस पान्हा सोडते, मग पारडाला ओढून बाजूला बांधतात आणि घरमालक काकाजी बादली गुडघ्यांत धरून बसतात. याला ते ओढून नेणं अजिबात पटलं नाही, अगदी रडवेला झाला, तेव्हा काकाजींनी त्याला शेजारी बसवून दाखवलं की एक सड ते पारडासाठी तसाच ठेवतात, आणि धार झाली की पारडाचा दोर सोडायचं काम त्यालाच देऊन टाकलं. मग काय, दोन्ही वेळा हा हजर, गाठ स्वतः सोडणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. एवढ्या कामाच्या गर्दीत एका लेकराला समजावायला तो माणूस थांबला याचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी म्हशींना पाइपनं आंघोळ, म्हशीला घाम फार कमी येतो त्यामुळे ऊन सोसत नाही, ते काम मुलांनी आनंदानं केलं आणि नंतर स्वतः हौदात. शेळीची करडं होती, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात, आम्ही त्याच्या आधीच निघालो म्हणून मोठी नात हिरमुसली होती तर नंतर काकाजींच्या सूनबाईंनी आठवणीनं तिला पिल्लांचा व्हिडिओ पाठवला. मे महिन्यात गहू निघून शेत रिकामं असतं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा, हिरवंगार काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण कांदा निघालेला असतो आणि शेडमधे बसून लहान-मोठा कांदा वेगळा करायला मुलं आपणहून बसली.

जेवण उत्तम. एके दिवशी दाल-बाफले केले, आधी पाण्यात उकळून मग गोवऱ्यांवर भाजलेले, घरच्या तुपात बुडवून. कैरीचं पन्हं रोज. तिखट मात्र मुलांच्या हिशोबानं जास्त, काकीजींना आधी सांगितलं की वेगळं काढून ठेवतात.

फिरायला म्हणाल तर जानापावच्या डोंगरावर पहाटेच जाऊन या, उंची ८५० मीटरच्या आसपास, परशुरामाचं जन्मस्थान मानतात आणि चंबळ इथूनच निघते. आमच्या अहोंनी मुलांना वर उभं करून दाखवलं की या बाजूचं पाणी चंबळेतून यमुनेला आणि दक्षिणेला उतरणारं नर्मदेला, भूगोलाच्या पुस्तकातला विंध्य पायाखाली आहे म्हटल्यावर मुलं खरंच चूप झाली. महेश्वरही घाट उतरून जवळच पडतं, अहिल्याबाईंचा किल्ला आणि घाट इंदूरच्या मुलांनी पाहिलाच पाहिजे, पण उन्हं चढायच्या आत परत फिरा, दहानंतर घाटाचे दगड पाय भाजतात. पातालपाणीचा धबधबा मे महिन्यात कोरडा असतो, त्यासाठी पावसाळाच.

आता खटकलेलं. एका खोलीवर पत्रा आहे, दुपारी तिथे बसवत नाही, बुक करताना कवेलूच्या, म्हणजे कौलारू, खोल्याच मागून घ्या. लाइट रात्री जाते, इन्व्हर्टरवर पंखा चालतो पण हळू. शेवटचा रस्ता कच्चा आहे. ट्रॅक्टरच्या चकरेचे पैसे वेगळे लागतात आणि हे फोनवर सांगितलं नव्हतं, रक्कम मोठी नव्हती पण आधी सांगायला पाहिजे, मी तसं त्यांना बोलले आणि त्यांनी ऐकून घेतलं. विहिरीवर लोखंडी जाळी पक्की आहे हे मी पहिल्याच दिवशी बघून घेतलं. तरी रात्री मुलांना टॉर्चशिवाय बाहेर सोडू नका, साप-विंचवाचे दिवस आहेत.

भाडं मोठ्यांना दिवसाचे दीड हजार, दहा वर्षांखालच्यांना अर्धं, त्यात दोन्ही वेळचं जेवण, नाश्ता, दूध सगळं आलं. मला ते वाजवी वाटलं. दोन दिवसांसाठी जाऊ नका, जनावरांना मुलांची आणि मुलांना जनावरांची सवय व्हायलाच तेवढा वेळ जातो, निदान चार-पाच दिवस काढा. बुकिंग फोनवरच होतं, एप्रिलमधेच करून ठेवा. जून लागला की सोयाबीनच्या पेरणीची तयारी सुरू होते, तेव्हा ते पाहुणे घेत नाहीत.