नवजात बाळाच्या बायपाससाठी ८ फ्रेंचची पातळ कॅन्युला: दीड वर्षाचा अनुभव

मी परफ्युजनिस्ट आहे. बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन माझ्या ताब्यात असतं; यालाच आम्ही बायपास म्हणतो. गेलं दीड वर्ष आम्ही तीन किलोच्या आसपासच्या बाळांसाठी महाधमनीत ही पातळ भिंतीची, आत तारेची वेटोळी असलेली कॅन्युला, म्हणजे मशीनमधलं रक्त बाळाच्या अंगात सोडणारी नळी, वापरतोय. टोक फार चांगलं, मान कच्ची, हे माझं मत आधीच सांगून टाकते.

फ्रेंच हे माप बाहेरच्या व्यासाचं. आकड्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात, म्हणून ८ फ्रेंच म्हणजे सुमारे २.७ मिमी. पण रक्त वाहतं आतून, आणि आत किती जागा आहे ते पाकिटावरच्या ठळक आकड्यावरून कळत नाही. आमच्या जुन्या कॅन्युलाची भिंत ०.४ मिमीची होती, हिची ०.३ आहे. आतली पोकळी त्यामुळे १.९ वरून २.१ मिमी झाली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसतही नाही. मात्र नळीचा अडथळा व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो, त्यामुळे एवढ्यानंच तो जवळजवळ एक तृतीयांशानं उतरतो.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिली. पूर्ण फ्लो किलोमागे मिनिटाला साधारण १५० मिली धरला तर ४५० मिली होतात. म्हणजे बाळाचं सगळं रक्त मिनिटाला पावणेदोन वेळा त्या दोन मिमीच्या वाटेनं जातं, तेही सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेगानं. वाट अरुंद असली की तांबड्या पेशी फुटतात. जुन्या कॅन्युलावर लांबलेल्या एका केसमध्ये लघवीच्या नळीत आधी गुलाबी आणि मग चहासारखा रंग उतरताना मी पाहिला आहे. तो रंग मी विसरणार नाही. आता तेवढ्याच फ्लोला माझ्या पंपावरचं लाइन प्रेशर, म्हणजे बाळाकडे जाणाऱ्या नळीतला दाब, १७० च्या जागी १३० च्या आसपास राहतं. बारीक भागही टोकाशीच, थोड्याच लांबीचा आहे. पुढे नळी लगेच रुंद होत जाते, त्याचाही यात वाटा आहे.

टोक तिरकं कापलेलं आणि पारदर्शक आहे. अडकलेला बुडबुडा लगेच दिसतो, हवा काढताना मन निर्धास्त राहतं. पण टोक कुठे बघतंय हे तितकंच महत्त्वाचं, कारण नवजात बाळाची महाधमनी करंगळीहून बारीक असते आणि त्यात हा झोत सुटतो. एका आर्टेरियल स्विचच्या (हृदयाच्या अदलाबदल झालेल्या मुख्य धमन्या जागेवर आणण्याच्या ऑपरेशनच्या) वेळी बायपास सुरू होऊन चार मिनिटं झाली होती. उजव्या हाताच्या आर्टेरियल लाइनवर (धमनीत घातलेल्या, बीपी मोजणाऱ्या नळीवर) बीपी छान, फ्लो पूर्ण. मेंदूतला ऑक्सिजन दाखवणाऱ्या कपाळावरच्या सेन्सरवर मात्र उजवी बाजू ७८ आणि डावी ५५ वरून ४९ कडे उतरत होती. मी म्हटलं, "सर, डावी बाजू पडतेय, टोक बहुतेक इनॉमिनेटमध्ये गेलंय." इनॉमिनेट ही महाधमनीची उजव्या हाताकडे आणि मेंदूच्या उजव्या बाजूकडे जाणारी शाखा. सर्जननी कॅन्युला दोनेक मिमी मागे घेतली, किंचित फिरवली. मिनिटभरात डावी बाजू साठच्या वर आली. पंपाचा एकही आकडा मी बदलला नव्हता. टोकाची दिशा दाखवणारी रेघ कंपनीनं इतकी फिकट छापली आहे की रक्ताचा हात लागला की ती दिसतच नाही. एवढ्या विचारानं घडवलेल्या वस्तूत ही हयगय मला खटकते.

आता मान. वेटोळी संपतात आणि क्लॅम्प लावण्यासाठी साधी नळी सुरू होते तो सांधा नरम आहे. नळी ड्रेपला (बाळावर पसरलेल्या निर्जंतुक कापडाला) बांधताना जरा ताण राहिला की तिथेच मोडते. माझ्यासमोर लाइन प्रेशर १३० वरून २६० वर गेलंय. फ्लो लगेच खाली घेतला, ओरडून सांगितलं, सर्जननी नळी सरळ केली. सगळं दहा सेकंदांत निभावलं, पण ते दहा सेकंद बाळाच्या मेंदूचे होते. तेव्हापासून आम्ही तो भाग गुंडाळलेल्या गॉझवर टेकवून ठेवतो. नवीन स्टाफला एक आवर्जून सांगा: क्लॅम्प वेटोळ्यांवर कधीही लावू नका. तार एकदा चेपली की परत गोल होत नाही, आणि ०.१ मिमीची सगळी कमाई तिथेच जाते.

माहितीपत्रकातला प्रेशर-फ्लोचा आलेख पाण्यावर काढलेला आहे, तोही खोलीच्या तापमानाला. रक्त पाण्याहून कितीतरी दाट, आणि बाळाला थंड केलं की आणखी दाट होतं. आलेखात दिसतं त्यापेक्षा प्रेशर त्यामुळे जास्तच येतं. पत्रकावर विसंबून अगदी काठावरचा साइज निवडू नका. आम्ही ग्लिसरीन-पाण्याच्या मिश्रणावर स्वतः मोजून १०० ते ६०० मिलीपर्यंतचा तक्ता केला आणि पंपाच्या खांबाला लावला. साडेतीन किलोच्या पुढच्या बाळाला पूर्ण फ्लो द्यायचा असेल तर तो तक्ता बघून आम्ही सरळ १० फ्रेंच मागतो.