हिप्परगा तलावावरील सागरी कयाक वर्ग: अभिप्राय

बंदराजवळच्या समुद्रात कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, निमुळती होडी) चालवू इच्छिणाऱ्यांसाठी सोलापुरातील एका खासगी संस्थेने हिप्परगा तलावावर घेतलेल्या वर्गात वल्हे मारण्याच्या सरावापेक्षा नियमांचा भाग सरस होता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतील नववा नियम प्रशिक्षकांनी मुंबई बंदराचा नकाशा पसरून समजावला: अरुंद जलमार्गातच सुरक्षित चालू शकणाऱ्या जहाजाला २० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेने अडथळा करू नये. न्हावा शेव्याकडे निघालेले कंटेनर जहाज तळ खोदून खोल केलेला मार्ग सोडू शकत नाही, त्याला थांबायला बरेच अंतर लागते आणि नाळेपुढचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोरचा, पाण्याचा मोठा पट्टा वरच्या नाविकाला दिसतच नाही. म्हणून मार्ग ओलांडायचाच, तर काटकोनात, सर्वांनी एकत्र आणि जहाज दूर असताना. जहाजाने पाच छोटे भोंगे दिले, तर तुमचा हेतू त्याला कळलेला नाही, हेही तिथे ठसले.

उणिवाही आहेत. व्हीएचएफ या सागरी रेडिओच्या संकटकालीन १६ क्रमांकाच्या वाहिनीविषयी नुसते तोंडी सांगितले, संच कोणाच्याही हाती दिला नाही. तलावात भरती-ओहोटीची ओढ अनुभवता येत नाही हे मान्य, पण भरतीचे तक्ते वाचायला तरी शिकवायला हवे होते. कोणत्या पाण्यात उतरायला बंदर प्रशासनाची परवानगी लागते, या प्रश्नावर मोघम उत्तर मिळाले, आणि आमच्यापैकी अनेकांचा खरा प्रश्न तोच होता. माझ्या जीवरक्षक जाकिटाची एक कडी तुटलेली होती. शुल्क भरण्यापूर्वी जाकीट घालून पाहावे.