बंध ऊर्जा, निर्मिती एन्थाल्पी की थेट मोजणी?

अभिक्रियेत ऊर्जा किती सुटली किंवा लागली, हे काढायच्या तीन वाटा आहेत. पहिल्या दोन मिथेनच्या ज्वलनावर (CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O) ताडून पाहू; आकडे किलोज्यूल प्रति मोल.

बंध ऊर्जा म्हणजे एक मोल बंध तोडायला लागणारी ऊर्जा. या वाटेने तुटणाऱ्या बंधांच्या बेरजेतून जुळणाऱ्यांची बेरीज वजा करायची. चार कार्बन-हायड्रोजन (४१३) आणि दोन ऑक्सिजन-ऑक्सिजन दुहेरी बंध (४९८) तोडायला २६४८ लागतात. दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी (७९९) आणि चार ऑक्सिजन-हायड्रोजन (४६३) जुळताना ३४५० सुटतात. उत्तर −८०२. बंध तोडायला ऊर्जा लागतेच. तुटताना ती सुटते असं धरलं की चिन्ह उलटतं. दुसरी चूक तक्त्यातली: ७९९ हा आकडा कार्बन डायऑक्साइडचा आहे. त्याजागी कीटोनमधल्या बंधाचा ७४५ घातला तर उत्तर −६९४ येतं.

निर्मिती एन्थाल्पी म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनताना होणारा ऊर्जाबदल. इथे उत्पादितांमधून अभिक्रियाकारक वजा (क्रमाने कार्बन डायऑक्साइड, पाणी, मिथेन; ऑक्सिजनची शून्य):
−३९३.५ + २(−२८५.८) − (−७४.८) = −८९०.३

मग आधीचं ८०२ चुकलं का? मुळीच नाही. बंध ऊर्जा वायूंसाठीच असते आणि −२८५.८ हा आकडा द्रव पाण्याचा. वाफेचा −२४१.८ घाला, −८०२.३ मिळेल. दोन मोल वाफेचं पाणी होताना सुटणारे ८८ एवढाच काय तो फरक. म्हणून अवस्था आधी वाचा, मगच तक्ता उघडा.

इतका मेळ दरवेळी बसत नाही, कारण बंध ऊर्जा बहुतेक सरासरी असतात. बेंझिनमध्ये एकाआड एक दुहेरी बंध धरले तर हिशेब सुमारे १५० ने चुकतो. निर्मिती एन्थाल्पी मिळत असेल तर तीच घ्यावी. बंध ऊर्जा अंदाजासाठी ठीक.

प्रयोगच करायचा असेल तर थर्माकोलचा पेला पुरतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड, दोन्ही १ मोलर, ५०-५० मिली मिसळा. उदासिनीकरणाचे −५७ धरले तर ०.०५ मोलमागे २.८५ किलोज्यूल सुटतात आणि तापमान जेमतेम ६.८ अंशांनी चढतं. त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही उत्तर सात टक्क्यांनी हलवते. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानबदल; त्यात वस्तुमान सगळ्या मिश्रणाचं, १०० ग्रॅम धरा. ५० धरलं तर उत्तर निम्मं येतं. उष्णता बाहेर जात असल्याने दिसलेलं कमाल तापमान खरं नसतं. दर ३० सेकंदांनी नोंदी घ्या, आलेखावरची उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे ओढा आणि तिथलं तापमान वापरा.