मेटफॉर्मिनच्या जोडीला दुसरी गोळी: ग्लिमेपिराइड, ग्लिप्टिन की डापाग्लिफ्लोझिन?

संकष्टीची रात्र, साडेनऊ वाजलेले. चंद्रोदयाला अजून वेळ होता. आई मोदकांचं सारण ढवळत बसली होती आणि तिच्या हातातला चमचा पातेल्याच्या काठावर टकटक वाजायला लागला. हात थरथरत होता, कपाळावर घाम, ब्लाउजची पाठ ओली. "उपासाने होतं गं असं, चंद्र दिसला की जेवतेच," म्हणाली. शुगरच्या मीटरवर आकडा आला ५४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला आधी ती प्यायला लावली, नैवेद्य मागून. पंधरा मिनिटांनी ८२ झाली. सकाळी तिने नेहमीसारखी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि दिवसभरात पोटात गेलं होतं एक केळं आणि दोन कप बिनसाखरेचा चहा.

मी मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. "मेटफॉर्मिन चालू आहे, पण तीन महिन्यांची शुगर खाली येत नाही. डॉक्टर दुसरी गोळी देणार म्हणतात, कुठली चांगली?" हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. त्या संकष्टीपासून मी उत्तराआधी एकच विचारते: तुमचं जेवण वेळेवर होतं का?

मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकट्याने घेतलं तर शुगर लो होण्याची भीती फारशी नसते. सुरुवातीला पोट बिघडतं, तोंडाला धातूसारखी चव येते. जेवणासोबत घेतलं की बऱ्याच जणांचं निभावतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ मात्र कमी होऊ शकतं, म्हणून पायाला मुंग्या येत असतील तर ती तपासणी करून घ्या. आता दुसरी गोळी.

ग्लिमेपिराइड ज्या सल्फोनिलयुरिया गटातलं आहे, त्याचा शोध १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे लागला. टायफॉइडसाठी एक सल्फा औषध देऊन बघत असताना रुग्णांची साखर धोकादायक इतकी खाली जाऊ लागली. त्या काळी जो दुष्परिणाम होता, तोच पुढे मधुमेहाचा इलाज झाला, आणि धोका आजही तोच आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. रक्तात साखर किती आहे, तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणूनच ती जोरदार काम करते: एचबीएवनसी, म्हणजे ती तीन महिन्यांची शुगर, साधारण एक ते दीड टक्क्याने उतरते, फरक लवकर दिसतो आणि गोळी अगदी स्वस्त आहे. दुसऱ्या बाजूला वजन एक-दोन किलोने वाढतं आणि जेवण चुकलं की शुगर लो होते. सत्तरीतल्या माणसांना, किडनी कमजोर असलेल्यांना हा धोका जास्त. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर छातीतली धडधड आणि हाताची थरथर दबून जाते. घाम तेवढा येतो, त्याकडे लक्ष ठेवायचं.

ग्लिप्टिनं, म्हणजे सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन वगैरे, याच्या उलट स्वभावाची. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं. शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याला काही मिनिटांत मोडून टाकतं. ग्लिप्टिन त्या विकराला अडवतं. साखर वाढली तरच परिणाम, त्यामुळे उपासाच्या दिवशी शुगर लो होणं क्वचितच. वजन आहे तिथेच राहतं. पण जोर बेताचा, एचबीएवनसी साधारण अर्धा ते पाऊण टक्का कमी होते. कुणाकुणाला सांधे फार दुखतात. पोटात जोराची, पाठीकडे जाणारी कळ आली तर स्वादुपिंडाला सूज आहे का हे लगेच बघावं लागतं. विल्डाग्लिप्टिन असेल तर लिव्हरची तपासणीही करतात. पूर्वी ही औषधं महाग म्हणून लोक टाळायचे. सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या.

डापाग्लिफ्लोझिनचा रस्ताच वेगळा, किडनीचा. किडनी गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेते, ती ओढ ही गोळी कमी करते. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाऊ शकते. त्यामुळे लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर दिसणारच, घाबरू नका. वजन दोन-तीन किलो कमी होतं, बीपीही थोडं उतरतं. हार्ट फेल्युअर असलेल्यांना आणि किडनीला इजा होऊ लागलेल्यांना तिचा मोठा आधार आहे, मोठ्या चाचण्यांमधून ते सिद्ध झालंय. माझ्या मते अशा रुग्णाने किमतीकडे न बघता डॉक्टरांशी आधी हिच्याबद्दल बोलावं.

बायका जे काउंटरवर सांगायला लाजतात ते इथे लिहिते. या गोळीने जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होतो, खाज सुटते, पांढरं जातं. पुरुषांनाही होतं. लघवीनंतर जागा धुऊन कोरडी ठेवायची आणि खाज सुटली तर दोन दिवसांत सांगायचं. इलाज सोपा आहे. दुसरा त्रास दुर्मीळ पण गंभीर. निर्जळी उपास, उलट्या-जुलाब किंवा भात-पोळी पूर्ण बंद अशा वेळी रक्तात आम्ल साचतं, आणि मीटरवर साखर फार वाढलेली दिसतही नाही. मळमळ, पोटदुखी, धाप, एवढ्यावरून ओळखायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. ठरलेल्या ऑपरेशनआधी ही गोळी निदान तीन दिवस थांबवतात, म्हणून सर्जनला ती चालू असल्याचं न विसरता सांगा.

मग कुणी काय घ्यावं? जेवण घड्याळावर, वय फार नाही, खिशाला ताण आहे: ग्लिमेपिराइड उत्तम चालतं. उपास करणारी, एकटी राहणारी म्हातारी माणसं, शिफ्टमध्ये राबणारे, दिवसभर गाडी चालवणारे यांच्यासाठी मी ग्लिप्टिनच्या बाजूने. हृदय किंवा किडनीचं दुखणं, सोबत वजन जास्त: डापाग्लिफ्लोझिन, पण कडक उपास करत असाल तर डॉक्टरांना तारखांसकट सांगून. किडनीच्या रिपोर्टवर यातल्या बऱ्याच गोळ्यांचे डोस बदलतात, तेव्हा तो कागद सोबत न्या.

एक गोष्ट स्ट्रिपवर बघा. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन बहुतेक वेळा एकाच गोळीत येतं, नावापुढे 'एम १', 'एम २' असं लिहिलेलं असतं. अशा गोळीतून उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड तेवढं वगळता येत नाही. आईची गोळी तशीच होती. तिच्या डॉक्टरांनी आता ती बदलून मेटफॉर्मिन वेगळं आणि सिटाग्लिप्टिन वेगळं केलंय. एचबीएवनसी ७.१ वरून ७.४ झाली, आणि डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी चालेल.