आयनॅचरलिस्ट आणि सिरफिड माश्या: जीनसपर्यंत झकास, पुढे जपून

फुलावर आलेली कोथिंबीर असो की रंकाळ्याकाठची झुडपं, तिथे टिपलेल्या सिरफिड, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीचा फोटो आयनॅचरलिस्ट या मोफत ॲपला दिला की लगेच नावांची यादी येते. मधमाशीचं सोंग घेतलेली माशीही ते बहुतेक वेळा ओळखतं. गोची होते ती पहिल्याच नावावर डोळे झाकून बोट ठेवल्यावर.

सुचवणी एका वेळी एकाच फोटोवरून येते. म्हणून आधी फोटो कापून माशी चौकटभर करा. पाठीचा, बाजूचा, समोरून डोळ्यांचा आणि पसरलेल्या पंखाचा असे चार फोटो हवेतच. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो टाकू नका, त्यातली तारीख आणि ठिकाण उडालेलं असतं.

एरिस्टॅलिस आणि एरिस्टॅलिनस या दोन जीनसच्या (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) माश्या पाठीवरून सारख्याच वाटतात. दोघींच्या पंखात एक शीर खाली खोल वाकते, त्यामुळे तिथे निकाल लागत नाही. डोळे बघा: ठिपके किंवा पट्टे असतील तर एरिस्टॅलिनस. थेट फ्लॅश मारला की डोळा चमकतो आणि नेमके हे ठिपकेच जातात. सकाळचं तिरपं ऊन बरं.

एपिसिर्फसच्या पोटावर जाड काळ्या पट्ट्याजोडीला बारीक पट्टा असतो, ही खूण पक्की. गडदपणावर मात्र जाऊ नका. कोष थंडीत वाढला की माशी काळपट निघते, त्यामुळे पन्हाळ्यावर जानेवारीत दिसलेली आणि शहरात एप्रिलमध्ये दिसलेली एकाच स्पीशीजची (जातीची) असू शकते. इस्किओडॉन आणि स्फेरोफोरियाचा घोळ असेल तर नराच्या मागच्या पायाच्या मुळाशी काट्यासारखं टोक शोधा. ते इस्किओडॉनला असतं, पण पाठीच्या फोटोत दिसत नाही. कॅमेरा खाली, बाजूला न्यावा लागतो.

'रिसर्च ग्रेड'चा, म्हणजे ओळख पक्की मानल्याच्या ॲपवरच्या शिक्क्याचा, फार बडेजाव नको. ओळख देणाऱ्या दोघांचं एकमत झालं तरी तो शिक्का बसतो, आणि दुसऱ्यानेही ॲपचीच सुचवणी उचललेली असू शकते.

पॅरागसच्या बऱ्याच स्पीशीज नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच वेगळ्या करतात. तिथे ॲपने कितीही ठासून नाव दिलं तरी नोंद जीनसवरच ठेवा आणि 'ओळख आणखी पुढे नेता येईल का' या प्रश्नावर 'नाही' नोंदवा. तशी नोंदही रिसर्च ग्रेड होऊ शकते.