899 रुपयांची सायकल सर्व्हिस मला 12,543 रुपयांना पडली

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी 26 वर्षं एका कारखान्याच्या परचेस खात्यात काढली. पुरवठादाराचं बिल ओळ न् ओळ वाचणं हेच माझं काम. आणि मीच सायकलच्या सर्व्हिसिंगमध्ये फसलो. घरी खरा आकडा सांगायलाही तीन आठवडे गेले. तरीही लिहितोय, कारण पावसाळा संपला की मुंबईतली प्रत्येक सायकल दुकानात जाते आणि फसवणारे दुकानदार त्याच काळात जाळं टाकून बसलेले असतात.

सायकल साधीच, 2021 साली 27,000 रुपयांना घेतलेली हायब्रिड, मागे 8 गिअर. लालबागहून रविवारी पहाटे निघायचं, मरीन ड्राइव्हला एनसीपीएपर्यंत जायचं, येताना हँगिंग गार्डनचा चढ घ्यायचा. गेल्या पावसाळ्यानंतर पायडलवर जोर दिला की खालून ‘कट्’ असा आवाज यायला लागला. नाक्यावरच्या चाचांकडे नेली. त्यांनी पायडल हलवून पाहिलं आणि म्हणाले, “साहब, बीबी गया है. इसका पाना मेरे पास नहीं है, बडी दुकान में दिखाओ.” बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन पायडलच्या मधला, फ्रेमच्या आत बसणारा बेअरिंगचा भाग. चाचांचं हे मुद्दाम सांगतोय, कारण माझी गोष्ट ऐकल्यावर प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, “नाक्यावर का नाही दिली?” दिली होती. त्या भल्या माणसाने जमणार नाही ते जमणार नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडून एक रुपया घेतला नाही.

मग मोबाइलवर जाहिरात दिसली. पश्चिम उपनगरातलं दुकान, काचेचा दरवाजा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, ‘फुल सर्व्हिस 899, पिकअप-ड्रॉप मोफत’. 4 नोव्हेंबर 2025, मंगळवार, सकाळी साडेनऊला टेम्पो आला. टेम्पोवाल्याने 3,000 रुपये अ‍ॅडव्हान्स मागितले, “पार्ट लागले तर”. 899 च्या कामाला 3,000 अ‍ॅडव्हान्स! हे ऐकून मी त्याला तिथूनच परत पाठवायला हवं होतं. पण सायकल टेम्पोत चढली होती, मला कामावर जायचं होतं, आणि नवीन पार्ट लागणार हे चाचांनी सांगितलंच होतं. दिले पैसे.

दोन दिवसांनी, गुरुवारी दुपारी 1 वाजून 20 मिनिटांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. झिजलेली चेन, दात खाल्लेली कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. खाली मजकूर, “सर चेन, कॅसेट आणि बीबी बदलावं लागेल, नाहीतर फ्रेम खराब होईल. करू का?” फोटोत चेनखालची नळी कोरी काळी होती. माझ्या सायकलच्या त्या नळीवर मी स्वतःच्या हाताने निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे, चेन आपटून रंग उडू नये म्हणून. चार वर्षं ती टेप माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो फोटो मी मोठा करून पाहिला, दात पाहिले, आणि “ओके, करा” असं टाइप केलं. टेप नाही हे मला दिसलंच नाही. मी जेवणाच्या सुट्टीत होतो, डबा उघडलेला होता, समोर दोघे बोलत होते, हे सगळं खरं आहे. पण मी तो फोटो मोठा करून पाहिला होता, हेही खरं आहे, आणि आजही रात्री ते आठवलं की झोप उडते.

याहून मोठी चूक संध्याकाळी झाली. सात वाजता सायकल आली, सोबत बिल. मी सवयीने म्हटलं, “जुने पार्ट द्या.” मुलगा म्हणाला, “सर, ते सकाळीच भंगारवाला घेऊन गेला.” मी दुपारी 1.20 ला परवानगी दिली. त्यानंतर खोललेले पार्ट सकाळीच भंगारात कसे गेले? एवढा साधा हिशोब आहे. कारखान्यात एखाद्या पुरवठादाराने मला असं सांगितलं असतं तर मी त्याला तिथेच उभा धरला असता. त्या मुलाला मी म्हटलं, “बरं.” का म्हटलं? दिवसभराचा थकलेला होतो, तो “सर, सर” करत होता, सायकल धुऊन चकाचक दिसत होती, आणि दोन पायडल मारून पाहिलं तर आवाज बंद होता. आवाज बंद झाल्यावर माणूस बिलाकडे कमी आणि सायकलकडे जास्त पाहतो. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

बिल असं होतं: जनरल सर्व्हिस 899, ओव्हरहॉलिंग मजुरी 1,800, चेन 1,150, कॅसेट 2,400, बॉटम ब्रॅकेट 1,650, ब्रेक पॅड 900, केबल आणि आऊटर 780, हब (चाकाचा मधला भाग) सर्व्हिस 700, ‘कन्झ्युमेबल्स’ 351. एकूण 10,630. त्यावर सरसकट 18 टक्के जीएसटी, 1,913 रुपये 40 पैसे. वरचे 40 पैसे सोडून एकूण 12,543. अ‍ॅडव्हान्स वजा करून 9,543 मी तिथेच, जिन्यात उभं राहून, कोड स्कॅन करून पाठवले. स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं. तेही मी पाहिलं आणि पाठवले. तुम्ही पाठवू नका. दुकानाचं नाव येत नसेल तर बोट मागे घ्या.

23 नोव्हेंबरच्या रविवारी, म्हणजे 17 दिवसांनी, हँगिंग गार्डनच्या चढावर तोच ‘कट्’ आवाज आला. वर मागचं चाकही हाताने डावी-उजवीकडे हलत होतं. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एक इंजिनिअर मुलगा आहे, स्वतःची सायकल स्वतः खोलतो, सगळे पाने बाळगतो. त्याने तिथेच खिशातून पट्टी काढून चेनला लावली. “काका, ही चेन नवी नाही.”

पद्धत सोपी आहे, प्रत्येकाने शिकून घ्या. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची असते, म्हणजे 24 कड्या पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर 12 इंच भरल्या पाहिजेत. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरलं की चेन बदलायची वेळ झाली. एक सूत जास्त भरलं तर तिने बहुतेक कॅसेटही खाल्लेली असते. माझी ‘नवी’ चेन एक सूत जास्त भरली. 17 दिवसांत, दीडशे-एक किलोमीटरमध्ये, चेन एवढी ताणली जात नाही. रॉकेलमध्ये धुतलेली माझीच जुनी चेन होती ती.

घरी आणून त्याने बाकीचं पाहिलं. क्रँकच्या, म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्याच्या, बोल्टवर कंपनीतून आलेली पिवळी खूण होती, बोल्टवरून क्रँकवर गेलेली, अखंड. क्रँक काढल्याशिवाय बीबी निघत नाही, आणि बोल्ट फिरवल्याशिवाय क्रँक निघत नाही. म्हणजे 1,650 रुपयांच्या बीबीला कुणी हातही लावला नव्हता. बाहेरून तेल मारलं होतं, म्हणून आवाज तेवढ्यापुरता दबला होता. मागचा हब खोलला तर आत काळं जुनं ग्रीस, आणि एका बाजूला 9 छर्ऱ्यांऐवजी 8. खोलला, एक छर्रा हरवला, तसाच बंद केला, वरून नवीन ग्रीस पुसलं आणि 700 रुपये लावले. चाक हलत होतं ते म्हणूनच. असं चाक घेऊन मी 17 दिवस बसच्या बाजूने सायकल चालवली. पैशांपेक्षा माझा संताप याचा आहे.

केबल आणि ब्रेक पॅड तेवढे खरोखर नवे होते, हे प्रामाणिकपणे सांगतो. न बसवलेल्या चेन, कॅसेट आणि बीबी या तीन वस्तूंचे मात्र 5,200 घेतले. तीच चेन, कॅसेट, बीबी आणि छर्रे आम्ही बाजारातून आणले, 3,170 रुपयांत, आणि आवाज गेला तो आजतागायत आलेला नाही.

आता बिलातला जीएसटी. मी रात्री चष्मा लावून बसलो. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. यांच्या बिलावर 27 होतं, पण मोजली तर अक्षरं 14. असा क्रमांक अस्तित्वातच असू शकत नाही. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले 1,913 रुपयेही कुणाच्या तरी खिशात गेले. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलच्या सुट्या भागांवर 5 टक्के दर आहे, आणि पार्ट तर त्यांनी बिलात वेगळे दाखवले होते. 6,880 च्या पार्टवर 894 रुपये 40 पैसे जास्त लावले. बिल हातात आलं की तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, पैसे देण्याच्या आधी. एक मिनिट लागतं.

दुकानात फोन केला. पहिल्यांदा “मॅनेजर बाहेर आहेत”. दुसऱ्यांदा, “सर, आम्ही पार्ट टाकले होते, तुम्ही बाहेर खोलून बदलले असतील.” इथे मी अडकलो. आम्ही फोटो काढले होते, पण खोलताना सलग व्हिडिओ घेतला नव्हता. संशय आला तर पाना लावण्याआधी व्हिडिओ सुरू करा, बोल्टवरची खूण, फ्रेम नंबर, तारीख, सगळं एका दमात येऊ द्या. किंवा न खोलताच दुकानात न्या, सोबत दोन माणसं घेऊन.

मग पोलीस. घराजवळच्या चौकीत दोन तास बाकावर बसलो. साहेब आले आणि म्हणाले, “बिल आहे ना तुमच्याकडे? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.” अहो, खोटं बिल हीच तर फसवणूक! ते म्हणाले, दुकान ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे गेलो. तिथले म्हणाले, सायकल घरून उचलली, पैसे घरून दिले, तुमच्या हद्दीत जा. परत आलो. तिसऱ्या फेरीत अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला आणि वर म्हणाले, “काका, बारा हजारांसाठी कशाला त्रास करून घेता?” बारा हजार म्हणजे माझ्यासाठी काय असतात हे त्यांना कोण सांगणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) खाली फसवून पैसे काढणं हा दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये साफ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. मी कलम छापून नेलं होतं. वाचायला कुणी हात पुढे केला नाही. खोट्या जीएसटी क्रमांकाची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो, तिथे “ईमेल करा” म्हणाले. केला, तो “मेलबॉक्स भरला आहे” म्हणून परत आला. तीन रजा गेल्या. कर बुडवणाऱ्याचा पत्ता हातात आणून देणाऱ्या माणसाला ही वागणूक!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ‘ई-जागृती’ या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार टाकली. हे आधीच करायला हवं होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकानाच्या दारात खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घेऊन ठेवा, जोडायला उपयोगी पडतो. मी 12,543 व्याजासह मागितले आहेत. तारीख अजून पडलेली नाही.

सायकल देण्याआधी चेन, कॅसेट, क्रँकच्या बोल्टवर नेलपेंटचा ठिपका लावा आणि फोटो काढा. जुने पार्ट परत हवेत हे सायकल देतानाच लिहून द्या. आणि पावसाळ्यानंतर ज्यांनी अशी पिकअपवाली स्वस्त सर्व्हिस करून घेतली असेल, त्यांनी आजच सायकल उलटी करून मागचं चाक हाताने हलवून बघा. जरा जरी हलत असेल तर रस्त्यावर काढू नका.