डॉक्टरांना पाच, रिसेप्शनला एक, म्हणून सरासरी तीन स्टार

नाव खोटं टाकलंय, समजून घ्या. मला गुप्तांगावर वॉर्ट्स झाले होते म्हणजे चामखिळीसारखे कोंब. आधी एका ठिकाणी "मुळापासून कायमचं घालवू" म्हणून पॅकेजचे पैसे ॲडव्हान्समध्ये घेतले होते, मग मित्राने हे स्किन क्लिनिक सुचवलं.

इथे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी गॅरंटी नाही म्हणून सांगितलं. भूल देऊन जाळून काढले, इंजेक्शन झोंबतं आणि जळल्याचा वास येतो, बाकी काही नाही. काही आठवड्यांनी शेजारीच दोन बारीक परत उगवले आणि माझी झोप उडाली. ते म्हणाले कोंब गेला तरी व्हायरस आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत राहतो, म्हणून पहिले तीन महिने परत यायचा चान्स सगळ्यात जास्त. यावेळी लिक्विड नायट्रोजन मारून कोंब गोठवले आणि इमिक्विमॉड क्रीम दिलं, आठवड्यातून तीन रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. आग होते, पण तेही आधीच सांगितलं होतं.

माझं खरं टेन्शन वेगळंच होतं. घरी स्थळं बघणं चालू आहे, मुलीला सांगायचं कधी आणि कोणत्या तोंडाने? बाहेर एवढी गर्दी असून डॉक्टरांनी यावर निवांत वेळ दिला. ते म्हणाले, सुमारे ९० टक्के वॉर्ट्स एचपीव्ही नावाच्या या व्हायरसच्या ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे होतात, कॅन्सरवाले मुख्य प्रकार १६ आणि १८, ते वेगळे. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत व्हायरस दाबून टाकतं, पण अमुक तारखेपासून तुम्ही सेफ असं सर्टिफिकेट कोणी देऊ शकत नाही, आणि कंडोमने धोका कमी होतो पण झाकली न गेलेली कातडी उरतेच. म्हणून कांदेपोह्यांच्या वेळी नाही, पण शरीरसंबंधांच्या आधी नक्की सांगायचं. "वॉर्ट्स झाले होते, उपचार घेतले, परत येऊ शकतात, तुला वाटलं तर डॉक्टरांकडे दोघं जाऊ", एवढंच. "आता पूर्ण बरा आहे" असं छातीठोकपणे म्हणायचं नाही. सिरमच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्हीवरच्या लसीत ६ आणि ११ पण आहेत, माझे वॉर्ट्स त्याने जाणार नाहीत पण तिने घेतली नसेल तर वयानुसार विचारता येईल. एका मुलीला सांगून झालंय, तिचा पहिला प्रश्न लसीचाच होता, पुढचं घरचे बघतायत.

आता रिसेप्शन. भरलेल्या हॉलमध्ये "वॉर्टवाले कोण, आत या" असं ओरडतात का हो कोणी? पिंपल्सवाल्या कॉलेजच्या पोरी वळून बघत होत्या. टोकन नंबर द्या ना सरळ.

फी जरा जास्त आहे, परवडत नसेल तर सरकारी हॉस्पिटलात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे अशा आजारांची तपासणी फुकट होते. इथे यायचं तर संध्याकाळी उशिराची वेळ घ्या. पार्किंग नाही.